बादलीची गुलाबी बुळबुळ म्हणजे लोह नव्हे, आणि लिंबात ब्लीच तर अजिबात नको

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत घरगुती टिप्सची जी चौकट असते त्यात बाथरूममधल्या बादलीला, मगला आणि टाईल्सच्या फटींना येणाऱ्या गुलाबी थराबद्दल लिहिलं होतं. हा थर म्हणजे बोअरच्या पाण्यातलं लोह, लिंबू आणि खायचा सोडा लावून घासा, नाहीच गेलं तर त्यातच थोडं ब्लीच टाका, असं. मी एका कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागात लॅब असिस्टंट म्हणून ३१ वर्षं काढली, आता रिटायर आहे, आणि ते वाचून सकाळचा चहा गार झाला माझा.

सगळ्यात आधी कामाचं सांगतो. पत्र लांब होणार आहे, तुम्हाला कात्री लावायची तर बाकीच्याला लावा पण एवढं ठेवा. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, त्यात लिंबू, व्हिनेगर, संडास साफ करायचं ॲसिड असलं काहीही आंबट पडलं की क्लोरीन वायू सुटतो. बाथरूम केवढं असतं, चार बाय सहा, दार लावलेलं, खिडकी म्हणजे दोन काचपट्ट्या. डोळे चुरचुरतात, खोकला लागतो आणि दम्याचा माणूस असेल तर सरळ दवाखाना. आणि लिंबू नि सोडा एकत्र केले की ते एकमेकांनाच मारतात, फेस येतो म्हणून काहीतरी जोरात चाललंय असं वाटतं, उरतं ते साधं खारट पाणी. हे झालं.

आता लोहाचं. लोहाचा डाग असतो तांबूस, गंजासारखा, तो पाणी जिथून पडतं तिथे नळाखाली उभा ओघळ धरून येतो, आणि हात लावला तर खरखरीत लागतो. हा जो गुलाबी आहे तो बुळबुळीत. घासला की जातो पण चार-पाच दिवसांनी जिथे होता तिथेच परत येतो, मगच्या दांड्याच्या आतल्या बाजूला, बादलीच्या बुडाखाली, साबणाच्या डबीत, शॅम्पूची बाटली उचलली की तिच्या गोल ठशावर. लोह असं आठवड्याच्या आत वाढत नाही हो. वाढतं ते जिवंत असतं. आणि आमच्या मिरजेच्या घरात बोअर नाहीच, नळाचं पाणी आहे, तरी पण आमची बादली गुलाबी होतेच.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. माझी भाची टी.वाय.ला मायक्रोबायोलॉजी घेऊन आहे, मागच्या ऑगस्टमध्ये तिला प्रोजेक्ट करायचा होता, वर्गातल्या निम्म्या पोरांनी मोबाईल घेतला होता कारण मोबाईलवर काहीतरी मिळतंच. मी म्हटलं तुझ्या मामीच्या बादलीवर कर. ती म्हणाली मामा, लोक हसतील. हसले पण. असो. तिच्या मॅडमनी परवानगी दिली, सगळं काम कॉलेजच्या लॅबमध्ये झालं, मी जुना माणूस म्हणून बाजूला स्टूल टाकून बसायचो आणि नको तिथे तोंड घालायचो.

तर निर्जंतुक केलेल्या सलाईनमध्ये कापसाचा बोळा ओला करून बादलीच्या बुडावर फिरवला आणि तो न्यूट्रिएंट अगारच्या, म्हणजे जंतूंचं खाणं घातलेल्या घट्ट जेलीच्या प्लेटवर टाकून लूपने, म्हणजे तारेच्या बारीक फासाने, चार भागांत स्ट्रीक मारली. हे स्ट्रीक मारणं म्हणजे रांगोळीच्या रेषा नव्हेत, बरं का. लूप दिव्यावर लाल करायची, गार होऊ द्यायची, मग आधीच्या रेघेतनं थोडंसंच ओढून पुढच्या भागात न्यायचं, परत लूप लाल, परत ओढायचं, असं करत करत शेवटच्या भागात एकेक जंतू सुटा पडला पाहिजे. तो एकटा पडलेला वाढून जो ठिपका होतो ती कॉलनी. तिच्यातले कोट्यवधी सगळे एकाच आईची लेकरं असं धरायचं, आणि तरी विश्वास ठेवायचा नाही, तीच कॉलनी उचलून परत नव्या प्लेटवर, असं निदान दोन-तीन वेळा, कारण बुळबुळीत एका कॉलनीच्या पोटात दुसरा लपून येतो. भाचीची पहिली प्लेट बघण्यासारखी होती, पांढरे, पिवळे, एक पसरट सुरकुतलेला बॅसिलस (काडीसारखा जिवाणू), आणि मधेमधे लाल ठिपके, कुंकू सांडल्यासारखे.

ही प्लेट प्रकरणाची गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आधी जर्मनीचे जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख साहेब उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर जंतू वाढवायचे, मग जिलेटिनवर. जिलेटिनची अडचण अशी की ते उबवणीच्या ३७ अंशाला वितळतं, आणि वर बरेचसे जंतू ते खाऊन त्याचं पाणी करतात, म्हणजे सुट्या कॉलन्या सगळ्या एकाच सारात पोहायला लागतात. १८८१ मध्ये त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या वाल्टर हेसे यांच्या पत्नीने, फॅनी हेसे यांनी, सुचवलं की मी जेली करायला अगार वापरते ते वापरून बघा. हे त्यांना कळलं होतं जावामध्ये राहून आलेल्या ओळखीच्यांकडून. अगार म्हणजे आपल्याकडे किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतं तेच, समुद्री शेवाळातलं, एकदा थिजलं की ८५ अंशापर्यंत ढिम्म हलत नाही आणि फारच थोड्या जंतूंना पचतं. कॉख साहेबांनी १८८२ च्या टीबीच्या निबंधात अगारचा उल्लेख केला पण त्या बाईंचं नाव नाही घातलं. पेट्रीची काचेची ताटली १८८७ ची, त्या साहेबांचं नाव मात्र जगभर. अख्खं शास्त्र एका बाईच्या स्वयंपाकघरातल्या जिन्नसावर उभं आहे, हे मी दर वर्षी एफ.वाय.च्या पोरांना सांगायचो आणि दर वर्षी मुली जरा ताठ बसायच्या.

तर आमच्या लाल ठिपक्यातली एक कॉलनी उचलून दोन प्लेटवर टाकली, एक इन्क्युबेटरमध्ये ३७ ला, आणि दुसरी जागा नव्हती म्हणून टेबलावरच राहिली. दुसऱ्या दिवशी पोरगी रडायच्या बेताला. इन्क्युबेटरमधली प्लेट सगळी मळकट पांढरी! म्हणाली मामा कंटॅमिनेशन झालं, माझी लूप गार झाली नव्हती वगैरे. मी म्हटलं टेबलावरची बघ. टेबलावरची लालभडक. मग म्हटलं आता ती पांढरी प्लेट बाहेर ठेव आणि त्यातनं नवी प्लेट टाकून ती पण बाहेर ठेव. दोन दिवसांनी ती पण लाल. म्हणजे जंतू तोच, फक्त अंगाच्या तापमानाला तो रंग करायचं बंद करतो आणि २५ ते ३० च्या आसपास करतो. माझ्या डोक्यात नाव तेव्हाच आलं होतं पण मी बोललो नाही. नावं ठेवायला काय लागतं, नाव शोधायला आठवडा जातो.

कारण गुलाबी-लाल दिसणारे निदान तीन उमेदवार बाथरूममध्ये असतात. एक सेरेशिया मार्सेसेन्स, हा जिवाणू. दुसरा मेथिलोबॅक्टेरियम, हा पण जिवाणू पण फार सावकाश वाढणारा, कॉलनी दिसायलाच काही दिवस लागतात, टोचणीच्या टोकाएवढी. तिसरा ऱ्होडोटोरुला, हा जिवाणूच नाही, यीस्ट आहे, म्हणजे बुरशीच्या खानदानातला. नुसत्या डोळ्यांनी बादलीवर तिघं सारखेच.

ग्रॅम स्टेन केला, म्हणजे रंग लावून जंतूंचे पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह असे दोन गट पाडायची टेस्ट. मूळ पद्धत हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांची १८८४ ची, आता करतात ती अशी, क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, मग अल्कोहोलने धुवायचं, मग सॅफ्रॅनिन. सगळी गोम अल्कोहोलच्या त्या पंधरा-वीस सेकंदांत आहे, जास्त धुतलं की सगळेच निगेटिव्ह आणि कमी धुतलं की सगळेच पॉझिटिव्ह, म्हणून माहितीतले दोन जंतू त्याच स्लाइडवर शेजारी लावायचे. आमचे निघाले गुलाबी, बारीक, आखूड काड्या. ग्रॅम निगेटिव्ह रॉड. यीस्ट असतं तर काही पट मोठे जांभळे अंडाकृती गोळे आणि त्यांना फुटलेली पिल्लं दिसली असती. एक उमेदवार बाद. ऑक्सिडेज नावाच्या एन्झाइमची टेस्ट निगेटिव्ह आली, मेथिलोची ती पॉझिटिव्ह येते, आणि हा एका रात्रीत भरघोस वाढला होता, म्हणजे मेथिलो पण बाद.

मग मॅकॉंकी अगार. इथे एक खड्डा आहे त्यात मी चांगले चांगले पडलेले बघितलेत. मॅकॉंकीवर जो जंतू लॅक्टोज साखर आंबवतो तो गुलाबी दिसतो आणि जो आंबवत नाही तो बिनरंगी. आता जंतू स्वतःच लाल असेल तर? टेबलावर ठेवलेल्या प्लेटवर आमचा लाल दिसला आणि पोरीने वहीत लिहूनही टाकलं, लॅक्टोज फर्मेंटर. ३७ ला ठेवलेल्या मॅकॉंकीवर तोच बिनरंगी. वहीतली ओळ खोडायला लावली मी, खाडाखोड दिसू दे म्हटलं, व्हाइटनर लावायचा नाही.

पुढच्या टेस्ट, म्हणजे जंतू काय खातो, काय तयार करतो आणि पळतो का याच्या, लवकर सांगतो. इंडोल निगेटिव्ह, व्हीपी पॉझिटिव्ह, सिट्रेटची हिरवी नळी निळी झाली, कॅटालेज पॉझिटिव्ह, हँगिंग ड्रॉपमध्ये पळताना दिसला. एवढ्यावर थांबलात तर फसाल, कारण इथपर्यंत एंटरोबॅक्टर नावाचा दुसरा जिवाणू पण असाच वागतो. वेगळा पडतो तो डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) आणि जिलेटिनच्या टेस्टला. डीएनेजच्या प्लेटवर हायड्रोक्लोरिक ॲसिड ओतलं की डीएनए खाल्लेल्या जागी कॉलनीभोवती स्वच्छ वलय दिसतं, ते दिसलं. जिलेटिनच्या दोन नळ्या, एकीत जंतू आणि दुसरी कोरी, काही दिवस बाहेर ठेवून मग फ्रिजमध्ये टाकल्या. कोरी थिजली, आमची पाण्यासारखी हलत राहिली. कॉख साहेबांना जिलेटिनवर वैताग आणणाऱ्यांपैकीच हा एक, समोर नळीत.

आणि पोरांना सगळ्यात आवडली ती रंगाची टेस्ट. त्याच्या लाल रंगद्रव्याचं नाव प्रोडिजिओसिन. कॉलन्या खरवडून अल्कोहोलमध्ये घोळल्या की गुलाबी द्रव मिळतो, त्यात अल्कली टाकली की पिवळा-केशरी, परत ॲसिड टाकलं की गुलाबी. हळदीच्या डागाला साबण लागला की लाल होतो ना, त्याच्या बरोबर उलटं. लोहाचा गंज ही गंमत करणार नाही. यीस्टचा लाल रंग गाजराच्या जातीचा, तो पण असा पलटी मारत नाही.

शेवटी मॅडमच्या ओळखीने पुण्याला सिक्वेन्सिंगला, म्हणजे जीनची अक्षरं वाचून घ्यायला, पाठवलं. प्रत्येक जिवाणूत १६ एस आरआरएनए नावाचा साधारण १५०० अक्षरांचा एक जीन असतो, पेशीचा प्रोटीन बनवायचा जो कारखाना असतो त्याच्या एका भागाचा. तो फार सावकाश बदलतो म्हणून कोण कुणाचा नातेवाईक ते कळतं, १९७७ मध्ये कार्ल वूज यांनी जिवाणूंसारखे दिसणारे आर्किया जिवाणूंपासून वेगळे काढले ते याच जीनवरून. अक्षरं आली, डेटाबेसला लावली, सेरेशिया मार्सेसेन्सशी ९९ टक्क्यांच्या वर जुळली. पोरगी खूश. पण खाली बघितलं तर सेरेशियाच्याच एक-दोन चुलत भावंडांशीही जवळपास तेवढीच जुळत होती. हे लोक विसरतात. हा जीन आडनाव हमखास सांगतो, नावाच्या बाबतीत कधीकधी अडखळतो, ई. कोलाय आणि शिगेला या आतड्यातल्या दोन जिवाणूंना तर तो धड वेगळं पण करू शकत नाही. म्हणून जुन्या नळ्या आणि नवी अक्षरं दोन्ही शेजारी ठेवून आम्ही सेरेशिया मार्सेसेन्स लिहिलं.

या जंतूची कुंडली पण वाचण्यासारखी आहे. १८१९ च्या उन्हाळ्यात इटलीत पादुआजवळच्या शेतकऱ्यांच्या घरी पोलेंटा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट खिमटी, रात्रीत रक्तासारखी लाल व्हायला लागली. लोक घाबरले, सैतानाचं काम म्हणाले. बार्तोलोमिओ बिझिओ नावाच्या औषधशास्त्रज्ञाने तो लाल अंश ताज्या पोलेंटाला लावून, दमट उबेत ठेवून, तो तसाच लाल करून दाखवला. म्हणजे सैतान नाही, काहीतरी वाढणारं आहे. कॉख साहेब जन्मायच्या आधी, अगार-बिगार काही नसताना! त्याला ती बुरशी वाटली एवढंच. सेराती नावाच्या इटालियन शास्त्रज्ञावरून सेरेशिया, आणि मार्सेसेन्स म्हणजे कोमेजणारा, कारण तो लाल रंग लवकर विटतो.

लाल रंगामुळे माग काढायला सोपा आणि निरुपद्रवी समजला गेलेला, म्हणून नंतर लोक त्याचा वापर करायला लागले, खूण म्हणून. सप्टेंबर १९५० मध्ये अमेरिकेच्या नौदलाने सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्याजवळच्या जहाजावरून हाच जंतू हवेत फवारला, जैविक हल्ला झाला तर तो शहरात किती पसरेल ते बघायला. शहराला काही न सांगता. त्यानंतर तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये ११ पेशंटना सेरेशियाचं इन्फेक्शन निघालं, त्यातला एक दगावला. लोकांना फवारणीचं कळलं पंचवीसेक वर्षांनी. घरच्यांनी कोर्टात केस केली ती ते हरले. फवारलेला जंतू आणि पेशंटमधला जंतू, दोघांचं नाव एकच, पण तोच का त्याच नावाचा दुसरा, यावर वाद झाला. आमच्या विषयात एकाच नावाच्या जंतूच्या अशा वेगवेगळ्या वाणांना स्ट्रेन म्हणतात आणि तिथपर्यंत पोचायला आम्ही केलं त्याच्या पुढचं बरंच काम लागतं.

घाबरायचं का, तर धडधाकट माणसाने नाही. बादलीतल्या गुलाबीने आंघोळ करून कुणी आजारी पडल्याचं माझ्या बघण्यात नाही. पण हॉस्पिटलमध्ये, कॅथेटर लावलेल्या पेशंटला, कमी वजनाच्या तान्ह्या बाळांच्या आयसीयूत हा जंतू खरोखर त्रास देतो, ॲम्पिसिलिनसारखी काही औषधं त्याला मुळातच लागू पडत नाहीत. आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्सची डबी बाथरूमच्या बेसिनवर उघडी ठेवू नये, याने डोळ्याच्या बुबुळाला इन्फेक्शन होतं.

घालवायचा कसा, तर आधी ब्रशने नि साध्या साबणाने बुळबुळ घासून काढा, कारण तो स्वतःभोवती चिकट आवरण करून बसतो आणि वरून नुसतं ब्लीच ओतलं तर वरचेच मरतात. स्वच्छ पाण्याने धुवा, मग पाण्यात घातलेलं ब्लीच, बाटलीवर लिहिलंय त्या प्रमाणात, दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, खिडकी उघडी. बरोबर दुसरं काहीही नको. मग बादली उपडी घालून वाळू द्या. त्याला लागतं पाणी आणि साबणा-शॅम्पूतली चरबी, दोन्हीपैकी पाणी तोडणं आपल्या हातात आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं खरं पण रात्रभर भरून ठेवलेल्या बादलीतलं ते उडून जातं, म्हणून भरलेली बादली लवकर गुलाबी होते.

भाचीने मग हौसेने आणखी दोन घरच्या बादल्या केल्या. एकीत हाच निघाला. दुसरी तिच्याच घरची, माझ्या बहिणीची, त्यात निघालं यीस्ट, ऱ्होडोटोरुला, रंग डिट्टो. बहिणीला सांगितलं तर म्हणाली, म्हणजे आमच्याकडे तो जंतू नाही ना, मग झालं, आणि बादली परत नळाखाली.

चौकटीतली दुरुस्ती त्याच जागी, त्याच आकारात येत्या रविवारी छापावी ही विनंती, निदान लिंबू आणि ब्लीचची तरी. ज्यांनी लिहिलं त्यांना यायचं असेल तर कॉलेजच्या फ्रिजमध्ये आमचं कल्चर स्लँटवर, म्हणजे नळीत तिरपं थिजवलेल्या अगारवर, अजून जिवंत आहे, भाची ते दर महिन्याला नव्या नळीत बदलते. फक्त लवकर या, कारण बदलता बदलता त्यातली एक नळी पांढरी पडलीय, बाहेर ठेवली तरी लाल होत नाही. तिला आता कुणी लोह म्हणणार नाही, पण सेरेशिया म्हणूनही कुणी ओळखणार नाही.

आपला,
एक निवृत्त लॅब असिस्टंट,
मिरज